बलकातला रविवार

१

त्या मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी तोळाबाईनं डाव्या हातानं एक अंडं काचेवर फोडलं, आणि तिच्या दोन वर्षांच्या अभ्यासाचा कपाळमोक्ष झाला.

अंडं नासकं नव्हतं. उलट इतकं देखणं होतं की कुणीही ते हौसेनं तव्यावर सोडलं असतं. बलक केशरी, टपोरा, अंगात मस्ती असलेला. पण ते अंडं होतं तिसऱ्या खणातलं, आणि तिसऱ्या खणातल्या कोंबड्यांना केशरी बलक घालायची परवानगी नव्हती.

पशुविज्ञान महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला ती लांबलचक शेड. तिच्यात सोळा खण. प्रत्येक खणात दहा कोंबड्या, त्यांना बसायला एक दांडा आणि अंग घुसळायला वाळूचं खोकं. पहिल्या आठ खणांना साधा दाणा, तो लाल बादलीतून. पुढच्या आठ खणांना तोच दाणा, पण सुकवलेल्या लसूणघासाची हिरवट पूड कालवलेला; तो हिरव्या बादलीतून. लसूणघास खाणारीचा बलक गडद होतो हे जुनंच शहाणपण. तोळाबाईला सिद्ध करायचं होतं ते त्याच्या पुढचं: या स्वस्त पाल्यावर कोंबडी वजनाला भरते, अंडीही राखते आणि शेजारणीची पिसं उपटायची खोड सोडते. बलकाचा रंग ही नुसती पावती, कुणी काय खाल्लं त्याची.

तोळाबाई हे तिचं खरं नाव नव्हे. संशोधन करणारी ही मुलगी कोंबड्या, अंडी, दाणा, उष्टा दाणा, सगळं काट्यावर घालायची. चहातली साखरसुद्धा एकदा तिनं तोलली होती म्हणतात. म्हणून तोळाबाई. एरवी ती दर शुक्रवारची अंडी फोडायची. पण पुढच्या आठवड्यात बाहेरचे परीक्षक येणार होते, म्हणून या खेपेला तिनं मंगळवारीच टोपली पुढ्यात ओढली.

चाळीस अंडी फोडली, चाळीसही फितूर निघाली. साध्या दाण्याचे बलक केशरी. लसूणघासाचे फिके, आजाऱ्याच्या चेहऱ्यासारखे.

दुपारपर्यंत बातमी खातेप्रमुख बाईंच्या टेबलावर गेली. बाईंना त्या शेडच्या जागी कधीपासून संगणकांची खोली हवी होती. त्यांनी कोंबड्यांना दाणा घालणाऱ्या दाणेमामाला बोलावलं आणि उभ्या उभ्या न्याय केला.

"बादल्यांना हात कोण लावतं?"

"मी, बाई."

"लसूणघासाचं पोतं कोणाच्या ताब्यात?"

"माझ्याच."

"आणि शेळी कोणाच्या दारात आहे?"

"माझ्या. पण तिचा यात..."

"तिला लसूणघास आवडतो?"

दाणेमामाला खोटं बोलता येत नसे, तिथंच त्याचा घात झाला. "जीव टाकते," तो म्हणाला.

"शनिवारी दुपारी बारा वाजता समिती बसेल," बाई म्हणाल्या. "तोवर शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही, आणि समाधानकारक खुलासा आला नाही, तर सोमवारपासून कामावरच यायचं नाही."

सव्वीस वर्षांची नोकरी, आणि हातात चार दिवस.

२

दाणेमामाची थोरली बहीण एका निवृत्त माणसाला दिली होती. म्हणजे दिली तेव्हा तो निवृत्त नव्हता; त्याच महाविद्यालयाच्या अंड्यांच्या खोलीत नोकरीला होता. चौतीस वर्षं त्यानं अंडी फोडली, मोजली, उकडली, उजेडापुढं धरली. सगळे त्याला अंडेमास्तर म्हणत. त्याच्याविषयी अनेक गोष्टी होत्या आणि त्यातल्या निम्म्या त्यानंच पसरवल्या होत्या. एका लग्नात केकचा एक घास खाऊन त्यानं सांगितलं होतं की यातली अंडी गुरुवारची आहेत आणि घालणारी कोंबडी उजव्या पायानं अधू आहे. चौकशी केली तर गुरुवार बरोबर निघाला. पाय मात्र डावा होता, हे मास्तर कधी सांगत नसत.

बुधवारी सकाळी बायको चहाचा कप आदळून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तुमच्या त्या कोंबड्यांनी माझ्या भावाची नोकरी खाल्ली."

"कोंबड्या नोकरी खात नाहीत. पचत नाही त्यांना."

"विनोद पुरे. तो कालपासून जेवला नाही. शेळीकडे बघतसुद्धा नाही."

"शेळीचा काय दोष?"

"माझ्या भावाचा तरी काय दोष? अहो, चौतीस वर्षं मी तुमच्या अंगाचा कोंबड्यांचा वास सोसला. त्या वासाचा आज काही उपयोग करा."

मास्तर उठले. तीन वर्षांत त्यांनी शेडचं तोंड पाहिलं नव्हतं. ज्यांच्या हाताखाली सारी नोकरी झाली त्या थोरल्या सरांनी निरोपाच्या दिवशी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि दोघांनाही बोलायला काही सुचलं नव्हतं. त्यानंतर त्या वाटेनं जायची वेळ आली की मास्तर पलीकडच्या रस्त्यानं जात. लोकांना वाटे, माणूस चालायला निघतो. खरं म्हणजे तो वळसा घेत होता.

मेव्हणा दारातच पायरीवर बसला होता.

"दाजी, आईशप्पथ, मूठभरसुद्धा घेतली नाही."

"ठाऊक आहे मला. तुला चोरी जमणार नाही रे. लहानपणी चिंचा चोरायला गेलास आणि मालकाला विचारून घेतल्यास. शेळीला देण्यासाठी पूड उचलली असतीस, तर लसूणघासाच्या कोंबड्यांचे बलक फिके झाले असते. पण साध्या दाण्याचे केशरी कसे होतील? ही चोरी नाही. ही अदलाबदल आहे. लाल बादली हिरव्याच्या खणांत गेली आणि हिरवी लालच्या."

"मग ते तर चोरीहून वाईट," मेव्हणा कळवळून म्हणाला. "आंधळ्यालासुद्धा उमगेल अशी सोय केलीय पोरीनं. चुकून कोण करेल? कुणीतरी मुद्दाम केलंय."

मास्तरांनी चप्पल घालता घालता विचारलं, "कोणत्या दिवशी केलंय?"

"ते कसं कळणार?"

"ते अंड्यालाच विचारायचं," मास्तर म्हणाले.

३

अंड्यांची खोली होती तशीच होती. खिडकीखाली दगडी ओटा, त्यावर काच. कोपऱ्यात तीच शेगडी, तिचं एक बटण अजून फिरत नव्हतं. खिळ्याला रंगपंखा टांगलेला: पंधरा पात्यांचा, पहिलं पातं फिक्या पिवळ्याचं, पंधरावं गडद नारिंगी. बलकाशेजारी पंखा धरायचा, जुळेल त्या पात्याचा आकडा सांगायचा. मास्तरांनी तो हातात घेतला. चौथ्या पात्याचा कोपरा त्यांच्याच अंगठ्यानं झिजलेला होता.

आणि तपकिरीचा वास. इतक्या वर्षांत भिंतींनीही तपकीर ओढली असणार. थोरले सर येऊन स्टुलावर बसत, चिमूट ओढत, तीन शिंका देत आणि डोळे मिटून म्हणत, "हं, मास्तर, आकडा सांग." मास्तर सांगत, सर लिहीत. "तुझ्यासारखी नजर नाही रे कुणाची," सर म्हणत. तेवढ्या वाक्यावर मास्तरांनी पगारवाढ मागायची चार वेळा टाळली होती.

दाराशी तोळाबाई उभी होती. डोळे सुजलेले.

"मास्तर तुम्हीच ना? थोरले सर तुमच्याबद्दल फार बोलतात. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. सर रिटायर झालेत, पण माझ्यासाठी रोज येतात. माझं असं झालेलं पाहून कालपासून तेही गप्प आहेत."

"रडून वजन किती उतरलं? तोललंस का?"

ती नको असताना हसली.

"सोमवारपासूनची अंडी आहेत?"

होती. शेडचा जुना रिवाज: अंडं उचललं की त्याच्या कवचावर शिसपेन्सिलीनं वार आणि खण लिहायचा. मास्तरांनी तिसऱ्या खणातली चार अंडी निवडली, सोमवारचं, मंगळवारचं, बुधवारचं आणि त्या दिवशी सकाळचं गुरुवारचं. हो, गुरुवार उजाडला होता. बुधवारचा दिवस खातेप्रमुख बाईंकडून खोलीची किल्ली मिळवण्यात गेला होता. अंडी कडक उकडली, सोलली. मग खिशातून बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा काढला आणि एकेक अंडं दोऱ्यानं मधोमध कापलं. सुरीनं बलक चुरडतो, दोऱ्यानं आरशासारखा उघडतो.

"बघ. बलक एका दिवसात होत नाही. आठ-दहा दिवस त्यावर रोज एक पदर चढतो, झाडाच्या खोडासारखा. कोंबडीनं ज्या दिवशी जे खाल्लं, त्या दिवशीचा पदर त्या रंगाचा. ही युक्ती थोरल्या सरांची. आम्ही कोंबड्यांना लाल रंगाच्या गोळ्या घालायचो आणि अंडं कापून मी पदर मोजायचो. सर लिहायचे."

तोळाबाई वाकली. मंगळवारच्या फिक्या बलकाच्या अगदी कडेला केशरी कड होती, साडीच्या काठासारखी. बुधवारच्या बलकात त्या कडेवर फिकी साय चढली होती. गुरुवारच्यात दोन सायी. सोमवारच्या बलकात कडेला काहीच नव्हतं. पण चौघांच्याही पोटात, खोल, वाटाण्याएवढं दुसरं केशरी वलय होतं.

"मंगळवारी सकाळी घातलेलं अंडं," मास्तर सावकाश म्हणाले, "म्हणजे सोमवारी सकाळी कोषातून सुटलेला बलक. मग पांढरं आणि कवच चढायला एक दिवस. तेव्हा बलकाचा शेवटचा पदर कोणत्या दाण्याचा?"

"रविवारच्या," ती पुटपुटली. "आणि आतलं वलय..."

"मोज."

तिनं टाचणीच्या टोकानं मोजलं. दोन केशरी वलयांच्या मध्ये सहा फिके पदर.

"त्याच्या आधीचा रविवार," ती म्हणाली. "म्हणजे दर रविवारी. मी शुक्रवारची अंडी फोडायचे, तोवर वर तीन पदर चढलेले असायचे. म्हणून मला कधी दिसलंच नाही."

मास्तरांनी खुर्ची ओढली. मेव्हणा रविवारी सुटीवर असतो हे सगळ्या जगाला माहीत होतं. तो सुटला होता. पण मेव्हण्याला सोडवायचं तर दुसऱ्या कुणाला तरी पकडावं लागणार होतं.

"रविवारी दाणा कोण घालतं?"

तोळाबाईचा चेहरा पालटला. "गोठेपंत," ती म्हणाली.

४

गोठेपंत म्हणजे शेजारच्या गोठ्यात गाईंच्या चाऱ्यावर संशोधन करणारा लांब पायांचा तरुण. पुढच्या वर्षी एकच शिष्यवृत्ती होती आणि तिच्यासाठी दोन अर्ज होते: एक त्याचा, एक तोळाबाईचा. त्यामुळं शुक्रवारी सकाळी मास्तर गोठ्यात शिरले, तेव्हा गुन्हेगार पकडलाच अशा थाटात शिरले. एका गाईनं त्यांच्या सदऱ्याला जीभ लावली.

"रविवारचा दाणा तू घालतोस म्हणे?"

"घालतो की. मामा माझ्या वासरांना आठवडाभर पाणी देतात, मी त्यांचा रविवार सांभाळतो. शनिवारी संध्याकाळी तोळाबाई दोन्ही बादल्या मोजून भरते, झाकणं लावते, फळीवर ठेवते. सकाळी मी नुसत्या रिकाम्या करायच्या. मोजकाच दाणा असतो, संध्याकाळपर्यंत कोंबड्या भांडी पुसून टाकतात."

"परवाच्या रविवारीही तूच घातलास?"

"मीच."

"पाचव्या खणातली ती लंगडी कशी होती? दांड्यावर चढत होती का?"

"चढत होती थोडी थोडी," गोठेपंत म्हणाला. "औषध लागू पडलं असावं."

मास्तरांनी गाईच्या कपाळावर थोपटलं. "पाचव्या खणात लंगडी नाही. अख्ख्या शेडमध्ये लंगडी नाही. मी आत्ताच एकशेसाठ कोंबड्यांचे पाय बघून आलोय. आता रविवारी कुठं असतोस ते सांग. नाहीतर मी शिष्यवृत्ती या गाईला देऊन टाकीन."

पोरगं लाल झालं. "मासे पकडायला जातो."

"काय?"

"तळ्यावर. गळ टाकून बसतो. आठवडाभर गाईंचं शेण तोलून डोकं फिरतं हो मास्तर. दोन महिने झाले. आजवर एकच मासा मिळालाय, तोही परत पाण्यात पडला."

"मग इथं कोंबड्यांना कोण घालतं? मासा?"

गोठेपंत गव्हाणीकडं वळला. बाहेर कुणीतरी बादली आपटली.

"हे बघ, शनिवारी दुपारी एका माणसाची सव्वीस वर्षं जाणार आहेत. तू तोंड उघडलं नाहीस तर."

"मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

गोठेपंतानं पायानं गवत सरकवलं. "त्यांनीच मला एकदा फाटकात अडवलं. गळ हातात होता. मला वाटलं, आता संपलो. तर ते म्हणाले, जा तू, रविवार माझा. मी विद्यार्थी असताना याच शेडमध्ये रविवारचा दाणा घालत होतो. म्हातारपणी एवढं सुख राहू दे. फक्त कुणाला सांगू नकोस, हसतील."

मास्तरांच्या हातातून गाईचं शिंग सुटलं.

"थोरले सर," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

५

गोठ्यापासून शेडपर्यंत शंभर पावलं. त्या शंभर पावलांत अंडेमास्तरांनी चौतीस वर्षं उलटीकडून मोजली.

थोरले सर आपल्याच शेवटच्या विद्यार्थिनीचा अभ्यास मुद्दाम बिघडवतील, हे सूर्य पश्चिमेला उगवण्यासारखं. मग चुकून? पण मेव्हणा म्हणाला तेच खरं, एक लाल, एक हिरवी. चुकेल कोण? शिवाय झाकण काढल्यावर दाणाच हिरवट. नाकालाही कळेल, लसूणघासाला वाळल्या गवताचा वास येतो. हां, नाक सोडा. सरांचं नाक तपकिरीनं कधीच पेन्शनीत काढलं होतं.

पण डोळे?

मास्तर वाटेतच थांबले.

रंगपंखा सरांनी कधी स्वतः धरला होता? एकदाही नाही. "तुझ्यासारखी नजर नाही कुणाची." लाल गोळ्यांची वलयं कुणी मोजली? मास्तरांनी. दाण्यातली प्रथिनं तपासताना शेवटी एक थेंब पडतो आणि हिरवं पाणी गुलाबी होतं. तो शेवटचा थेंब सर नेहमी विद्यार्थ्यांना टाकायला लावत. "शिकायचं तर हातानं शिका." विद्यार्थी धन्य होत. आणि जुन्या बादल्या. त्या सगळ्या एकाच पत्र्याच्या, रंग नसलेल्या. काठावर कानशीनं पाडलेल्या खाचा: एक खाच साधा दाणा, दोन खाचा प्रयोगाचा. सरांचा कडक नियम होता, रंगावर भरवसा ठेवायचा नाही, रंग उडतो. त्या बादल्या गंजल्या, यंदा तोळाबाईनं प्लॅस्टिकच्या नव्या आणल्या. दोन्ही गुळगुळीत.

राहिला एकच प्रश्न. रंग न कळणारा माणूस कधी चुकेल, कधी बरोबर येईल. दर रविवारी न चुकता चुकायचं, याला काहीतरी शिस्त हवी.

शेडमध्ये मेव्हणा नव्हता. समितीचा निर्णय होईपर्यंत त्याला आत यायची बंदी होती. त्याच्या जागी तोळाबाईच बादल्या भरत होती. भरून झाल्यावर तिनं हिरवी डाव्या हातानं उचलली आणि फळीवर डावीकडं ठेवली. मग लाल, तिच्या उजवीकडं.

"पोरी, तू डावखुरी ना?"

"हो. का?"

"मामा रोज कशा ठेवतात?"

ती विचारात पडली. "लाल डावीकडं. आधी पहिले आठ खण, मग पुढचे." मग तिनं फळीकडं पाहिलं आणि हात तोंडावर ठेवला. "शनिवारी मी भरते. माझ्या हातानं उलट्या बसतात. पण त्यानं काय होतं? लाल ती लाल."

"ज्याला लाल दिसते त्याला," मास्तर म्हणाले.

मागं कुणीतरी तीनदा शिंकलं.

थोरले सर दारात उभे होते. तीन वर्षांत ते बरेच आत गेले होते, जुनं कापड धुऊन आटतं तसे. पण मास्तरांना पाहून त्यांचा चेहरा फुलला. "मास्तर. आलास शेवटी. रोज पलीकडच्या रस्त्यानं जातोस, मला खिडकीतून दिसतोस."

मास्तरांनी काहीही बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून वाक्य आपोआप गेलं. "सर, जरा ती लाल बादली द्या ना."

सर पुढं झाले. हात सवयीनं डाव्या बादलीकडं गेला, आणि तिथंच थबकला. त्यांनी मास्तरांकडं पाहिलं, तोळाबाईकडं पाहिलं. मग फळीकडं, जणू ती पहिल्यांदाच दिसत होती.

"ही नाही का?" त्यांनी हळूच विचारलं.

एका कोंबडीनं तेवढ्यात अंडं घातल्याची ग्वाही दिली.

सर वाळूच्या खोक्याच्या कडेवर बसले. "तुला कधीपासून माहीत?"

"पाच मिनिटं झाली, सर."

"चौतीस वर्षं तुझ्याजवळ बसलो आणि तुला पाच मिनिटं." त्यांनी तपकिरीची डबी काढली, उघडली नाही. "मुलाखतीत विचारलं होतं, नजर ठीक आहे ना? हो म्हणालो. एकदा हो म्हटलं की मग रोज म्हणावं लागतं. नंतर तू भेटलास. मला वाटलं, आता माझे डोळे आहेत." ते तोळाबाईकडं वळले. "पोरी, मी तुझं वाटोळं केलं. आणि त्या बिचाऱ्या मामाचंही."

मास्तर त्यांच्या शेजारी बसले. "सर, उद्या बारा वाजता मी समितीपुढं अंडी कापून दाखवीन. रविवार सिद्ध होईल, मेव्हणा सुटेल. कुणी विचारलं तर सांगेन की डावखुऱ्या हातानं बादल्या उलट्या बसल्या. तुमचं नाव घ्यायचं कारण नाही."

"मग चूक कुणाची लिहितील?"

मास्तरांनी पायाशी सांडलेले दाणे वेचायला घेतले.

"हिची," सर म्हणाले. "किंवा त्या मासेवाल्याची. एक मामा सोडवून दुसरा अडकवायचा?" ते उठले आणि कपड्यांवरची वाळू झटकली. "नको. आकडा तू सांगायचास आणि लिहायचो मी. आपली तशीच वाटणी होती ना?"

६

शनिवारी अंड्यांच्या खोलीत समितीपुढं मास्तरांनी बायकोच्या दोऱ्यानं आठ अंडी कापली. खातेप्रमुख बाईंनी नाकाला रुमाल लावून वलयं पाहिली आणि दुसऱ्यांदा पाहताना रुमाल खाली ठेवला. त्याही कधीकाळी याच खोलीत शिकल्या होत्या. मग सर उभे राहिले आणि त्यांनी चार वाक्यांत सांगून टाकलं. लाल आणि हिरवा मला वेगळे दिसत नाहीत. कधीच दिसले नाहीत. रविवारचा दाणा मी घातला. यात बाकी कुणाचा दोष नाही.

बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सर, तो गुलाबी थेंब. तुम्ही मला टाकायला दिला होता. मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं, सरांचा माझ्यावर विश्वास आहे म्हणून."

"होताच," सर म्हणाले. "दुसरा उपाय नव्हता."

हसायचं की नाही ते बाईंना ठरवता येईना, म्हणून त्यांनी कागद ओढला. दाणेमामा सोमवारपासून नव्हे, आत्तापासून कामावर. अदलाबदल आठवड्यातून एकच दिवस आणि दोन्हीकडं सारखी, त्यामुळं अभ्यास बुडत नाही. तोळाबाईनं तो महिनाभर वाढवावा, झालेली चूक प्रबंधात लिहावी, परीक्षकांना बाई स्वतः कळवतील. संगणकांच्या खोलीचं नाव त्या दिवशी निघालं नाही.

दाणेमामा घरी गेला आणि त्यानं आधी शेळीची माफी मागितली. ती काहीतरी चघळत होती. ते काय होतं, याची चौकशी कुणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मास्तर पलीकडच्या रस्त्यानं न जाता सरळ शेडमध्ये गेले. सर आधीच आलेले. मांडीवर प्लॅस्टिकची बादली, हातात कानस. तोळाबाईला विचारून लालच्या काठाला त्यांनी एक खाच पाडली होती, हिरवीला दुसरी पाडत होते.

दोघांनी मिळून सोळा खणांना दाणा घातला. मग अंड्यांच्या खोलीत आले. सर स्टुलावर बसले, चिमूट ओढली, तीन शिंका दिल्या. मास्तरांनी बाराव्या खणातलं ताजं अंडं काचेवर फोडलं आणि खिळ्यावरचा पंखा काढला.

"हं, मास्तर. आकडा सांग."

"बारा, सर."

सरांनी डोळे मिटले. "खोटं. दहा आहे."

मास्तरांनी पंखा पुन्हा लावला. मन मोठं केलं तरी अकराच्या पलीकडं जाईना, आणि नीट पाहिलं तर दहाच. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुला काय वाटलं, मी आकडे ऐकत होतो?" सर म्हणाले. "बलक चांगला असला की तुझा आवाज खाली उतरतो, मांजर दुधाकडं बघून बोलल्यासारखा. फिका असला की चढतो. चौतीस वर्षं मी तुझा आवाजच लिहीत आलो. तू गेलास त्यानंतर कुणाचं ऐकून काही दिसेना."

मास्तरांनी टोपलीतून दुसरं अंडं उचललं, त्याच खणातलं, आणि काचेवर फोडलं. बलक गोल, गडद, भरलेला. पंखा जवळ धरला. मग आकडा सांगायला तोंड उघडलं.

"सर," ते म्हणाले.

"कळलं," सर म्हणाले, आणि लिहून घेतलं, तेरा.